शब्द येतो म्हणजे काय?

रोह्याकडे जाताना नागोठण्यानंतर निडी हे लहानसे स्थानक लागते. तेथे गाडीची वाट पाहणाऱ्यांचे बोलणे ऐकावे. ‘सिग्नल पडला’, ‘क्रॉसिंग आहे’, ‘गाडी लेट आहे’ ही वाक्ये शाळेची पायरीही न चढलेली आजीबाई सहज बोलते. त्याच फलाटावरून कॉलेजला येणारा विद्यार्थी मात्र इंग्रजीचे पुस्तक उघडले की म्हणतो, “मला शब्दच येत नाहीत.” महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे आज प्रथम वर्षाला येणाऱ्याच्या गाठीशी बारा वर्षांचे इंग्रजी असते. मग अडते कोठे?

माझ्या मते अडते ते ‘शब्द येणे’ या आपल्या कल्पनेतच. गाईडात शब्द आणि त्यापुढे एक मराठी अर्थ असतो. ती जोडी पाठ झाली की शब्द आला, असे आपण धरून चालतो. ‘हेवी म्हणजे जड’ एवढेच घोकलेला विद्यार्थी जोराच्या पावसाला ‘स्ट्राँग रेन’ म्हणतो. रोह्याच्या जुलै महिन्यात वाढलेल्या माणसाने ‘हेवी रेन’पाशी अडावे, ही गंमतच! शब्द कानावर पडताच ओळखता येणे, त्याचे स्पेलिंग, त्याच्या शेजारी कोणते शब्द बसतात याची जाण, आणि शेवटी तो स्वतःच्या वाक्यात वापरणे, या साऱ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. ओळख बहुधा आधी होते. वापर पुष्कळ मागाहून येतो.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द हे आपले आयते भांडवल आहे. पण ते तपासून घ्यावे लागते. आपल्याकडे ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतील लबाडी. इंग्रजीत ती साधी नक्कल किंवा प्रतही असते. एसटीचा ‘स्टँड’ आणि वर्गातले ‘स्टँड अप’ हा एकच शब्द आहे, हे कित्येकांच्या कधी ध्यानातच येत नाही.

आता किती शब्द हवेत ते पाहू. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली अत्यंत उपयुक्त अशा सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण लेखनातील सुमारे ८० टक्के शब्द एवढ्यात येतात. ८० टक्के म्हणजे पहिला वर्ग, असे वाटेल. पण हे वाक्य वाचा: ‘सकाळी वडील ढबरू घेऊन शेतावर गेले आणि दुपारपर्यंत मिसटत राहिले.’ दहांपैकी आठ शब्द कळले. वडिलांनी केले काय, तेवढे कळले नाही. कोशाविना निर्वेध वाचायचे तर पन्नास शब्दांत फार तर एक अनोळखी चालतो. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणे कादंबरी वा वर्तमानपत्र असे वाचण्यास आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात. मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ. तेव्हा पाठ्यपुस्तक न कळणारा विद्यार्थी मठ्ठ नसतो. त्याची शिदोरी तेवढी अपुरी असते.

परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीने ती भरत नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा भेटला पाहिजे. तोही अर्थ हाताने झाकून, आठवून पाहत. नुसते वाचत गेले की सगळे येते असा भास होतो.

या भासामुळेच मोजमाप अवघड होते. “कोणते शब्द येतात त्यांवर खूण करा” असे म्हटले की माणूस सढळ हाताने खुणा करतो. यावर पॉल मेरा यांनी १९८०च्या दशकात एक नामी युक्ती वापरली: खऱ्या शब्दांत इंग्रजीसारखे दिसणारे, पण अस्तित्वातच नसलेले शब्द मिसळायचे. खोट्या शब्दांवर जितक्या खुणा, तितके गुण कमी. हा प्रयोग दोन मित्रांना आपसांत करता येतो. कोशाच्या दर विसाव्या पानावरचा पहिला शब्द घ्यावा, मधूनमधून स्वतः रचलेले शब्द पेरावेत आणि कागद मित्राच्या हाती द्यावा. माझ्या मित्राने असा कागद मला दिला, तेव्हा दहा बनावट शब्दांपैकी तीन मी “येतात” म्हणून सांगितले. त्यांतल्या एकाचा तर अर्थही सांगितला!