पोलादी छर्रे का थकतात?

सायकल दुरुस्त करणारा कारागीर चाकाचा हब उघडतो, छर्रे रॉकेलमध्ये धुतो आणि एकेक उजेडात धरून पाहतो. एखाद्यावर बारीकसा खड्डा दिसला, की सगळे छर्रे बदलतो. इतक्या कठीण पोलादाला खड्डा पडतो तरी कसा?

गोल छर्रा खोबणीला एका बिंदूत टेकतो, असे भूमिती सांगते. प्रत्यक्षात भाराखाली दोन्ही पृष्ठभाग किंचित दबतात व इवलासा ठिपका तयार होतो. याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ याने १८८१ साली मांडले. ठिपका लहान, म्हणून दाब प्रचंड! शिवाय सर्वांत मोठे कर्तन प्रतिबल पृष्ठभागावर नसते, ते थोडे आत असते. छर्रा फिरताना ते लाखो वेळा वाढते आणि ओसरते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना? तसेच येथे होते. पोलादातील एखाद्या सूक्ष्म अशुद्ध कणापाशी तडा जन्मतो, वर येतो आणि टवका उडतो. यालाच धातूची श्रांती म्हणतात.

भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होईल, असे तुम्ही म्हणाल. पण स्वीडनच्या लुंडबेर्ग व पाल्मग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या नियमानुसार बॉलबेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ८० लाख फेरे टिकणारे बेअरिंग दुप्पट भाराखाली १० लाखच फेरे टिकेल! येथे आयुष्य म्हणजे १०० पैकी ९० बेअरिंगे निदान जितके फेरे पूर्ण करतात तो आकडा. एकेका बेअरिंगचे भविष्य मात्र कोणी सांगू शकत नाही.

आता वंगण. छर्रा व खोबणी यांमधला तेलाचा पापुद्रा बहुधा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. मग तो चिरडून बाहेर का पडत नाही? कारण हजारो वातावरणांच्या दाबाखाली तेलाची श्यानता अतोनात वाढते. पापुद्रा पृष्ठभागावरील खडबडीतपणापेक्षा जाड असेल, तर धातू धातूला भिडत नाही. तेल फार पातळ असेल किंवा तापून पातळ झाले, तर उंचवटे घासतात व तडे पृष्ठभागावरच सुरू होतात. क्लीव्हलँड येथील नासाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात चार छर्ऱ्यांवर पाचवा दाबून फिरवीत अशा चाचण्या घेतल्या गेल्या. जास्त श्यानतेच्या तेलात छर्रे अधिक टिकले.

सायकलच्या छर्ऱ्यांना मात्र श्रांतीआधी पाणी आणि धूळच गाठतात. तेव्हा पावसाळा संपला, की हब उघडून जुने ग्रीस पुसा, नवे भरा आणि छर्रे भिंगाखाली जरूर पाहा. खड्डा दिसला, तर तो कोठून सुरू झाला असेल?