जिते परिसरातली पाखरं: डोंगर, भातखाचरं आणि खाडी

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणकडे निघालं की आधी कर्नाळ्याचा सुळका दिसतो, पुढे जिते लागतं आणि मग हमरापूर. दिवा-रोहा रेल्वेमार्गावरही जिते हे स्थानक आहे. पक्षी पाहणाऱ्याला या पट्ट्यात डोंगरातलं रान, भातखाचरं आणि खाडी हे तीन अधिवास एकाच दिवसात पाहता येतात.

सुरुवात कर्नाळ्यापासून करावी. हे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं. तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये क्षेत्र वाढून बारा चौरस किलोमीटरवर गेलं. महामार्ग त्याच्या मधूनच जातो, म्हणून वाहनांची वर्दळ वाढण्याआधी, उजाडताच आत शिरावं. स्वर्गीय नर्तक, दयाळ, पल्लवपुच्छ कोतवाल, हळद्या आणि आपला राज्यपक्षी हरियाल इथे भेटतात. कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्यामोहोळं लटकलेली असतात, त्यामुळे मोहोळातल्या अळ्यांवर जगणारी मोहोळघार आकाशात पाहायला विसरू नये. त्या मोहोळांखाली मात्र आरडाओरडा, धूर किंवा उग्र अत्तर अजिबात नको.

पावसाळ्यातला इथला मानकरी म्हणजे तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हापक्षी. हा चिमणीएवढा पक्षी पावसाबरोबर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. बेडूक, खेकडे, कोळी, सापसुरळ्या हे त्याचं खाद्य. छायाचित्रासाठी बिळासमोर गर्दी झाली, तर चोचीत घास घेतलेले आईबाप आत शिरत नाहीत आणि पिल्लं उपाशी राहतात. म्हणून घरट्याजवळ थांबू नये आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत.

डोंगर उतरून जित्याच्या बाजूला आलं की भातखाचरं सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास कापणी होते. उघड्या पडलेल्या शेतात किडे टिपायला गायबगळे, वेडे राघू, कोतवाल जमतात. थंडीचे पाहुणे धोबी आणि गप्पीदास बांधांवर दिसू लागतात. सुगरणींची रिकामी घरटी या दिवसांत झाडांवर सहज नजरेस पडतात. या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा रायगडातच झाला. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली सुगरणींचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते तपासून पसंत करते, मगच तो ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी नोंदवलं.

पश्चिमेकडे दादर-राव्याच्या बाजूला खारेपाट आहे. बांध घालून खाडीपासून राखलेली शेतं, पाण्याच्या निचऱ्यासाठी उघाड्या आणि बांधापलीकडे कांदळवन. इथे शेकाट्या, तुतवार, राखी बगळा, कुदळ्या आणि खंड्या पाहावेत. वेळ मात्र ओहोटीची साधावी, कारण चिखल उघडा पडला की चरायला पक्षी उतरतात. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा सुमार कळतो. चतुर्थीला भरती तीनच्या आसपास, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरावा.

आणखी एक दिवस हाताशी असेल, तर रोहा-मुरूड भागातलं फणसाड गाठावं. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं.

कर्नाळा आणि फणसाडला कायद्याचं संरक्षण आहे, फाटकावर रखवालदार आहे. भातखाचराला असं फाटक नाही. तिथे भराव पडला की बगळ्यांचं ताट जातं. कांदळवन तुटलं की माशांच्या पिल्लांचा आसरा जातो, आणि त्या माशांवर खंड्याइतकाच कोळ्याचाही संसार चालतो. माझं ठाम मत आहे की या पट्ट्यातली पाखरं टिकवायची, तर अभयारण्याइतकीच काळजी शेताची आणि खाडीची घ्यायला हवी.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्लींची जयंती, १२ तारखेला सलीम अलींची. दिवाळीचा फराळ आटोपला की दुर्बीण आणि वही घ्या, घरातल्या मुलांना बरोबर घ्या आणि या वाटेला या. पाहिलेला पक्षी, तारीख आणि जागा लिहून ठेवा. पुढे एखादं खाचर वाचवायची वेळ आली, तर त्या नोंदीच पुरावा म्हणून उपयोगी पडतील.