पिंटोंचे बंड : फाशी कोणाला, कोठडी कोणाला

१७८७ च्या गोव्यातल्या कटाला आपण कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून ‘पिंटोंचे बंड’ म्हणतो. बंड म्हणायचे खरे, पण ते उठण्याआधीच फुटले. पोर्तुगीज सत्ता उलथवण्याच्या आरोपाखाली ४७ जण धरले; त्यांत १७ पाद्री आणि ७ लष्करी अधिकारी. गोमंतकीय म्हणून वरच्या जागा मिळत नाहीत, हे दोघांचेही दुखणे. शिक्षा मात्र सारखी नव्हती. पाद्र्यांना लिस्बनला धाडले, तिथे खटल्याविनाच वर्षानुवर्षे कोंडून ठेवले. बाकीच्यांचा निकाल इथेच लागला. १७८८ च्या डिसेंबरात १५ जणांना देहदंड झाला, त्यांत एकही पाद्री नाही. झग्याने जीव वाचवला म्हणायचा! कुन्य रिव्हार यांनी १८७५ साली या कटावर पुस्तक काढले, तोवर जवळजवळ नव्वद वर्षे लोटली होती.