ध्वनिमापक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हवेच्या दाबातले बारीक चढउतार टिपून ध्वनिमापक आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दाखवतो. आवाज मिरवणुकीतल्या डीजेचा असो की सोसायटीतल्या जनरेटरचा, पडद्यावर आकडा लगेच उमटतो. तो ग्राह्य धरायचा की नाही, हे मोजणी कशी केली यावर ठरते.

गैरसमज: ८० डेसिबलचे दोन भोंगे मिळून १६० डेसिबल होतात.
वस्तुस्थिती: डेसिबल ही लॉगॅरिदमिक पट्टी आहे. ऊर्जा दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबलने वाढते. म्हणून बेरीज ८३ येते.

गैरसमज: आकडा क्षणभर मर्यादेच्या वर गेला की नियमभंग सिद्ध झाला.
वस्तुस्थिती: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डीबी (ए) आहे. ही मर्यादा ठरावीक काळातल्या समतुल्य सरासरीची, म्हणजे ‘एलईक्यू’ची आहे. ही सरासरी ऊर्जेची असते. १४ मिनिटे ५० डेसिबल आणि एक मिनिट ८० डेसिबल असेल, तर साधी सरासरी ५२ येते, एलईक्यू मात्र सुमारे ६८.

गैरसमज: ‘ए’ वेटिंगवर सगळा आवाज मोजला जातो.
वस्तुस्थिती: ‘ए’ वेटिंग माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी वजन देते. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा होतात. नियमांसाठी ‘ए’ लागतेच. पण खिडक्या हादरवणारा बेस तपासायचा असेल, तर जोडीला ‘सी’ वेटिंगची नोंदही घ्यावी.

गैरसमज: मीटर कुठेही, कसाही धरला तरी चालतो.
वस्तुस्थिती: शरीर आणि भिंती आवाज परावर्तित करतात. मोकळ्या जागेत मीटर ट्रायपॉडवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि भिंतींपासून शक्यतो ३.५ मीटर दूर ठेवावा. मायक्रोफोनवर फोमची टोपी नसेल, तर वाऱ्याची झुळूकही आवाज म्हणून नोंदली जाते.

गैरसमज: दिसलेला आकडा तक्रारीतल्या यंत्राचाच असतो.
वस्तुस्थिती: त्यात रस्त्याचा, पंख्यांचा आवाजही मिसळलेला असतो. यंत्र चालू असताना ६३ आणि बंद असताना ६० डेसिबल आले, तर यंत्राचा वाटा सुमारे ६० धरावा लागतो. फरक ३ पेक्षा कमी असेल, तर निष्कर्ष भरवशाचा नसतो. १० पेक्षा जास्त असेल, तर दुरुस्ती लागत नाही.

गैरसमज: मोबाइलचे ॲप किंवा नवा कोरा मीटर पुरेसा आहे.
वस्तुस्थिती: मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो; ॲपवरून फक्त अंदाज येतो. अधिकृत मोजणीला आयईसी ६१६७२ मानकाचा क्लास १ किंवा क्लास २ मीटर घ्यावा. मीटर नवा असला, तरी मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर मायक्रोफोनवर बसवून १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल दिसतात का, ते पाहावे. दोन्ही वेळच्या नोंदींत लक्षणीय तफावत आढळली, तर मोजणी नव्याने करावी.