दाराला कडी घालून

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले तेव्हा मी वडूजला शाळेत होतो. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. ते एस.टी.ने संमेलनाला गेले आणि परतले ते गप्पच. रात्री जेवणे झाल्यावर दाराला कडी घालून आईला म्हणाले, "बाईंनी भर मांडवात जयप्रकाशांचं नाव घेतलं." मग माझ्याकडे वळून, "हे शाळेत बोलायचं नाही."

याच वडिलांनी मला ९ सप्टेंबर १९४२ ची हकिगत कितीदा तरी सांगितली होती. परशुराम घार्गे, वडूजच्या कचेरीवरचा मोर्चा, गोळीबार. सांगताना त्यांचा आवाज चढे. पण इंग्रज गेलेले होते आणि आणीबाणी चालू होती!

बाई म्हणजे संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवत. वय ६५. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, आणि गावही त्यांचेच. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, जयप्रकाश तुरुंगवासानंतर आजारी. त्यांना बरे वाटावे म्हणून प्रार्थना करा, एवढेच बाईंनी सांगितले. पण त्या मांडवात ते 'एवढेच' नव्हते. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

पुढे बँकेत लागलो. बदलीच्या गावी संध्याकाळी वाचनालयाशिवाय दुसरा विरंगुळा नसे. तिथे एमिल झोला भेटला. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला फितुरीच्या खोट्या आरोपावरून दूरच्या बेटावर डांबले होते. झोलाने १३ जानेवारी १८९८ रोजी 'लोरोर' या दैनिकात राष्ट्राध्यक्षांना अनावृत पत्र लिहिले, दोषी सेनाधिकाऱ्यांची नावे घेतली. त्याला एक वर्षाची कैद ठोठावली गेली. जुलैत, वयाच्या ५८ व्या वर्षी, वर्तमानपत्रात रात्रीचा सदरा गुंडाळून तो लंडनला निघाला. खोट्या नावाने, परक्या भाषेत जवळजवळ अकरा महिने राहिला. द्रेफ्यूस निर्दोष ठरला १९०६ मध्ये. झोला त्याआधीच, १९०२ मध्ये वारला होता.

खरे सांगायचे तर मला त्याच्या पत्रापेक्षा तो गुंडाळलेला सदराच जवळचा वाटला. नोकरीत मीही पुष्कळदा गप्प बसलो आहे. धीट माणूसही घाबरतो, हे कळल्यावर वडिलांवरचा माझा राग थोडा उतरला. दुर्गाबाई मात्र कुठे निघून गेल्या नाहीत. तुरुंगातून सुटल्यावर १९७७ च्या निवडणुकीत सरकारविरुद्ध उघडपणे बोलत राहिल्या.

मार्चमध्ये इंदिरा गांधी हरल्या. साताऱ्यात यशवंतरावच निवडून आले, ती गोष्ट वेगळी. त्या संध्याकाळी वडिलांनी ओट्यावर बसून चार माणसांना कऱ्हाडची हकिगत सांगितली. आवाज चढला होता. आई आतून म्हणाली, "अहो, जरा हळू."