अभनपुरचा हाट आणि घरचा फराळ

एखाद्या प्रदेशाची ओळख करून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. नकाशा त्या प्रदेशाच्या सीमा दाखवतो, इतिहास तेथील राजवटी सांगतो आणि भूगोल तेथील नद्या व पिके यांची माहिती देतो. परंतु तेथील माणसे रोज काय खातात, काय पिकवतात आणि घरच्या गरजा भागवून उरलेले कोणाला विकतात, हे जाणून घ्यायचे असेल तर त्या प्रदेशाचा बाजार पाहावा लागतो. मोठ्या शहरातील बाजारात देशभरातील वस्तू येतात. त्यामुळे तेथे गावाचा स्वतःचा चेहरा सहसा दिसत नाही. लहान गावच्या बाजारात मात्र तो स्पष्ट दिसतो. छत्तीसगड राज्यातील अभनपुर हे असेच एक गाव आहे.

अभनपुर हे रायपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वसले आहे. येथून एक वाट धमतरीकडे, तर दुसरी राजिमकडे जाते. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावरील राजिम येथे माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठा मेळा भरतो. १९०० च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने या भागात अरुंद रुळांची छोटी गाडी आणली. तिचा राजिमचा फाटा अभनपुरलाच फुटत असे. त्यामुळे शेतकरी, व्यापारी आणि यात्रेकरू यांची येथे गाठ पडू लागली. कालांतराने ही छोटी गाडी बंद झाली. तिच्या जागी ३० मार्च २०२५ रोजी रायपूर ते अभनपुर या रुंदमापी मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली. जेथे वाटा एकत्र येतात तेथे बाजार वाढतो आणि जेथे बाजार वाढतो तेथे खाण्याची दुकानेही उभी राहतात. अभनपुर याला अपवाद नाही.

महाराष्ट्रात ज्याला आठवडी बाजार म्हणतात त्यालाच छत्तीसगडमध्ये हाट किंवा केवळ बाजार म्हणतात. जमिनीवर गोणपाट किंवा कापड अंथरून मांडलेल्या विक्रीच्या मालाला तेथे 'पसरा' असा अर्थपूर्ण शब्द आहे. पसरा मांडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्यापैकी कित्येकींकडे विकण्यासाठी फार काही नसते: परसातील चार भोपळे, तळ्याकाठची एक जुडी भाजी, दोन मापे मुरमुरे, थोडी चिंच. धान्य मोजण्यासाठी काठा आणि पैली ही मापे या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. पैली हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही, कारण पायली हे माप त्याच्याही घरी होते.

या हाटाचे खरे वैभव म्हणजे तेथील पालेभाज्या. छत्तीसगडी बोलीत पालेभाजीला नुसते 'भाजी' म्हणतात आणि तिचे प्रकार ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रस्त्याच्या कडेला उगवणारी चरोटा भाजी म्हणजे महाराष्ट्रातील टाकळा. पाणथळ जागी वाढणारी करमत्ता भाजी म्हणजे नाळीची भाजी. अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, खेकसी म्हणजे कर्टोली. विदर्भात याच कर्टोलीला काटवल म्हणतात. भोकराच्या झाडाचा कोवळा मोहोर 'बोहार भाजी' म्हणून उन्हाळ्यात विकला जातो आणि थोडे दिवसच मिळत असल्याने त्याला चांगला भाव येतो. भात कापणीला येण्यापूर्वी त्याच ओल्या शेतात तिवरा पेरण्याची रीत आहे. विदर्भात या कडधान्याला लाखोळी म्हणतात. हिवाळ्यात तिवऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतात. यांतील काही भाज्या पेरलेल्या असतात, तर काही बांधावर, पडीक जमिनीत किंवा तळ्याकाठी आपोआप उगवतात. त्या ओळखणे, योग्य वेळी खुडणे आणि कोणती भाजी कशात शिजवावी हे जाणणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात शिकवली जात नाही. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे ती चालत येते.

या भाज्यांना चवीपलीकडचेही महत्त्व आहे. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. परंतु भाताचे पैसे शेतकऱ्याच्या हाती सहसा वर्षातून एकदा पडतात. मीठ, तेल, औषध, वही-पेन्सिल यांची गरज मात्र दर आठवड्याला असते. ही गरज हाटातील छोटी विक्री भागवते. पसऱ्यावर बसलेल्या स्त्रीच्या हाती संध्याकाळी जे थोडे पैसे जमतात, ते बहुधा तिचे स्वतःचे असतात आणि घरासाठी कसे खर्चायचे हे तीच ठरवते. दुसरीकडे, भातावर भर असलेल्या आहाराला लोह, चुना आणि जीवनसत्त्वे यांची जोड याच पालेभाज्या देतात. म्हणजे एकच जुडी विकणाऱ्याच्या घरी पैसा आणि घेणाऱ्याच्या घरी पोषण पोचवते.

बाजार म्हटला की खाणे आलेच. छत्तीसगडच्या लहान गावांत चहा-फराळाच्या साध्या दुकानालाही 'होटल' म्हणतात. मातीची किंवा लोखंडी भट्टी, तिच्यावर मोठी कढई, समोर लाकडी बाकडी एवढाच त्याचा थाट असतो. सकाळी पोहे आणि जिलेबी, दुपारनंतर समोसे, भजी आणि आलूगुंडा असा तेथील क्रम दिसतो. आलूगुंडा म्हणजे बटाटेवड्याचा सख्खा भाऊ. विदर्भात तो आलुबोंडा या नावाने ओळखला जातो. पाणीपुरीला तेथे गुपचूप म्हणतात. अख्खी पुरी तोंडात टाकल्यावर गप्प राहण्यावाचून दुसरा उपाय नसतो, हे ध्यानात घेतले की नावाची गंमत कळते. भाजलेले टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर पाट्यावर वाटून केलेली चटणी येथील कोणत्याही पदार्थाला चालते. अशा ठिकाणी बाकड्यावर शेजारी कोण बसले आहे, याची फारशी चौकशी होत नाही. शेतमजूर, शाळामास्तर, गाडीचा चालक आणि राजिमला निघालेला यात्रेकरू एकाच कढईतील भजी खातात. पाऊस कुठे पडला, भाताला काय भाव मिळाला, कोणाच्या घरी लग्न ठरले, या बातम्या याच बाकड्यावर देवाणघेवाणीला येतात.

घरच्या फराळाचा विचार केला तर त्याचे सूत्र तांदूळ हेच आहे. तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे म्हणजे चीला. त्याच पिठात शिजलेला भात मळून, बोटाएवढ्या वळकट्या करून, त्या वाफवून तिळाची फोडणी दिली की फरा तयार होतो. मुठीत दाबून आकार दिला की मुठिया. मराठी घरांतील मुटके हे त्याचेच नातलग. उरलेला भात पिठात मळून, पळसाच्या किंवा केळीच्या पानांत ठेवून निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकर म्हणजे अंगाकर. विदर्भातील पळसाच्या पानांत भाजलेले पानगे ज्यांनी खाल्ले आहेत, त्यांना ही भाकर ओळखीची वाटेल. या पदार्थांना महाग जिन्नस लागत नाहीत. पीठ, पाणी, मीठ आणि विस्तव एवढ्या सामग्रीवर ते होतात. फरक पडतो तो हाताच्या सवयीने.

यांत सर्वांत साधे आणि सर्वांत महत्त्वाचे अन्न म्हणजे बोरे-बासी. शिजलेल्या भातात पाणी घालून तो रात्रभर ठेवला की सकाळी त्याची 'बासी' होते. त्याच दिवशीच्या ताज्या भातात पाणी घातले तर ते 'बोरे'. मीठ, कांदा, हिरवी मिरची, कधी दही तर कधी चटणी यांच्यासोबत ते खातात. रात्रभरात भात किंचित आंबतो, पचायला हलका होतो आणि कडक उन्हात काम करणाऱ्याच्या शरीराला पाणी व मीठ दोन्ही मिळते. ओडिशातील पखाळ आणि बंगालमधील पांता भात हे याच कुळातले. एके काळी बासी खाणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई आणि पाहुण्यासमोर ती ठेवायला लोक संकोचत. २०२२ साली छत्तीसगड शासनाने १ मे या कामगारदिनी बोरे-बासी खाऊन श्रमिकांचा सन्मान करण्याचे आवाहन केले, तेव्हा ज्या अन्नाची लाज वाटत होती तेच अन्न सार्वजनिकरीत्या ताठ मानेने खाल्ले गेले.

सणांचा फराळ अर्थातच निराळा. बेसनात ओवा घालून वळलेली खमंग ठेठरी आणि गव्हाच्या पिठात गूळ घालून तळलेली खुर्मी, ही जोडी पोळ्याला घरोघर होते. मातीच्या नंदीबैलाची पूजा होते आणि मुली मातीची छोटी भांडी घेऊन भातुकली मांडतात. येथे एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. छत्तीसगडमध्ये हा सण भाद्रपद अमावास्येला येतो, तर महाराष्ट्रात श्रावण अमावास्येला. तरीही दिवस एकच असतो. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो आणि मराठी पंचांगात अमावास्येला, एवढाच हा भेद आहे. तांदळाचे पीठ आणि गूळ यांचा अइरसा आपल्या अनारशाची आठवण करून देतो. अळूला तेथे कोचई म्हणतात. तिच्या पानांना उडदाचे वाटण लावून, वळकटी वाफवून आंबट रश्शात सोडली की इडहर होते. अळूवडीपासून हा पदार्थ फार दूर नाही. कोहळ्याला तेथे रखिया म्हणतात आणि उडदाच्या डाळीसोबत त्याच्या वड्या घालून उन्हात वाळवतात.

ही साम्ये केवळ योगायोगाची नाहीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोचली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. पण त्यानंतरही १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या काळात नोकरी, व्यापार आणि शिक्षण यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे रायपूर, बिलासपूर या गावांत स्थायिक झाली. सत्ता आणि सीमा बदलल्या. परंतु शेजारणींनी एकमेकींच्या भिंतीवरून दिलेल्या वाट्या परत जाताना रिकाम्या गेल्या नाहीत.

आज या साऱ्या व्यवहारापुढे काही अडचणी उभ्या आहेत. शेतात तणनाशक फवारले की भाताबरोबर उगवणारे तण मरते. पण त्या तणातच कोणाची तरी भाजी असते. तळे बुजले की करमत्ता नाहीशी होते. राजधानीचा विस्तार होऊ लागला की शेतजमिनीला घरांसाठी मागणी येते. दहा रुपयांच्या झगमगीत पुडीतील खाऊ मुलांच्या हाती पोचला की ठेठरी-खुर्मी सणापुरती उरते. रस्ता रुंद होतो आणि गाडी वेगाने येते, ही प्रगती स्वागतार्हच आहे. मात्र त्या रस्त्याच्या कडेला पसरा मांडणाऱ्या स्त्रीने कोठे बसावे, हा प्रश्न उरतो. २०१४ साली पथविक्रेत्यांसंबंधीचा कायदा झाला तो याच प्रश्नासाठी. शहरातील विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांना हटवू नये, असे तो सांगतो. विक्रीच्या जागांचा विचार करणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही त्यात तरतूद आहे. जेथे ग्राहक आणि विक्रेते पूर्वापार एकत्र येतात त्या जागेला हा कायदा नैसर्गिक बाजार म्हणून ओळखतो. हा हक्क ज्यांना माहीत असतो, त्यांनाच तो मागता येतो.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. उघड्यावरचे अन्न चविष्ट असले तरी ते स्वच्छ असलेच पाहिजे. वारंवार तापवलेले तेल काळसर व दाट होते आणि प्रकृतीला अपाय करते. म्हणून तळणीच्या तेलासाठी १ जुलै २०१८ पासून देशात निश्चित मर्यादा लागू करण्यात आली. वर्तमानपत्राच्या कागदावरील शाई तेलकट भज्यांना लागते. त्यापेक्षा पळसाच्या पानांचा द्रोण किती तरी चांगला. तो शेजारच्याच जंगलातून येतो, त्यातून कोणाला तरी रोजगार मिळतो आणि वापरून झाल्यावर तो मातीत मिसळून जातो. बासी करायची असेल तर पाणी आणि भांडे स्वच्छ हवे आणि दुसऱ्या दिवशी ती सकाळीच संपवायला हवी.

जुन्या पदार्थांना नवे दिवस येऊ शकतात, याची उदाहरणेही याच परिसरात आहेत. रायपूरमधील महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली 'गढ कलेवा' हे छत्तीसगडी फराळाचे केंद्र सुरू झाले. महिला बचत गटाने चालवलेल्या या ठिकाणी चीला, फरा, ठेठरी, अइरसा यांसाठी शहरातील तरुण मंडळी येऊ लागली. धमतरी जिल्ह्यातील नगरी भागात पिकणाऱ्या सुवासिक दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेही स्त्रियांच्या बचत गटाच्या प्रयत्नांतून. जे घरात रोज केले जाते म्हणून ज्याची किंमत कोणी केली नव्हती, त्याला अशा रीतीने मोल आले.

अभनपुरसारख्या गावच्या हाटात खर्च फार होत नाही आणि आनंद मात्र पुष्कळ मिळतो. त्या आनंदाला अनेकांचे हात लागलेले असतात: पहाटे तळ्यात उतरून भाजी खुडणारीचे, भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याचे, सणाच्या आदल्या रात्री ठेठरी वळत बसलेल्या आजीचे. ताजी जुडी विकत घेताना तिचे नाव विचारणे, ती कशी करावी हे विकणारीकडूनच समजून घेणे आणि भावात उगाच घासाघीस न करणे, एवढे ग्राहकाला सहज करता येते. असे केले तर विकणारी पुढच्या आठवड्यात पुन्हा पसरा मांडेल आणि तिच्याबरोबर ती भाजी ओळखणारी दृष्टीही बाजारात टिकून राहील.