गेमिंगने लॅपटॉप लवकर जातो का?

परवा लॅबमधला ज्युनिअर घाबरून विचारत होता, "दादा, गेम खेळताना प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. जळेल का?" सहसा नाही. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. गेम अडखळतो, चिप वाचते.

मार बसतो तो शेजारच्या बॅटरीला. आऱ्हेनियसचं समीकरण आठवतंय ना? तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो. ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. हे बॅटरीतल्या नको असलेल्या अभिक्रियांनाही लागू आहे. ग्राफाइटवरचा थर जाड होत जातो, त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि क्षमता घटते. त्यात चार्ज सतत १०० टक्के ठेवला, तर दुहेरी मार.

मी गादीवर लॅपटॉप ठेवून रात्रभर सिम्युलेशन चालवायचो (गेम नव्हे, पण लॅपटॉपला काय फरक पडतो!). दोन वर्षांत बॅटरी फुगली, टचपॅड वर आला. असं दिसलं तर लॅपटॉप लगेच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, बॅटरी सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्या.

एरवी चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, फॅनमधली धूळ काढा, लॅपटॉप टेबलावर ठेवा. आणि थीसिसचा बॅकअप आजच घ्या.